सातव्या ओळीतली तिसरी फणी

लिफ्टवाला दुकानात आला तेव्हा धाकटी काउंटरखाली ओणवी होऊन स्क्रू शोधत होती. चष्म्याचा स्क्रू हातातून निसटला की जातो कुठे, हे आजवर एकाही चष्मेवाल्याला कळलेलं नाही. त्यामुळे पाहुण्याचे तिला आधी दिसले ते बूट. पुढून पार झिजलेले, मागून जवळजवळ कोरे. गुडघ्यांवर बसून काम करणारा दिसतोय, तिनं मनात म्हटलं. माणूस तोंड उघडायच्या आत त्याला वाचायचं, ही तिला खोडच होती.

"धाकटी म्हणजे तुम्हीच का?" वरून आवाज आला.

ती उठली. बेचाळीस वर्षांची झाली, केसांत पांढरं दिसू लागलं, अख्खं दुकान एकटी चालवू लागली, तरी घरात आणि गल्लीत ती धाकटीच राहिली होती. तेव्हा एवढ्या ओळखीवर काही हुरळून जायचं कारण नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी कुणीही हे नाव सांगितलं असतं.

"मी लिफ्ट बसवतो," तो म्हणाला. "तुमचा दादा माझ्याबरोबर काम करतो. सात वर्षं झाली. इकडे काम निघालं म्हणून त्यानं एक निरोप दिलाय. मोठ्या चष्मेवाल्यांना."

मोठे चष्मेवाले, म्हणजे तिचे बाबा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भिंगं पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"भामटा आहे," ते मान वर न करता म्हणाले. "घालव त्याला."

धाकटीला आश्चर्य वाटलं ते इथे. दादा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्याची खबर घेऊन तीन जण येऊन गेले होते. पहिला म्हणाला, तो बंदरावर असतो, आईच्या हातचं जेवण आठवून रडतो. दुसरी आली ती एक बाई, ती म्हणाली, आजारी आहे, आईचं नाव घेतोय. तिसऱ्यानं तर त्याला दोन मुलं झाल्याचं सांगून थोरलीचा चेहरा थेट आजीवर गेलाय असंही सांगून टाकलं होतं. आई तिन्ही वेळा पिशवी भरून निघाली आणि तिन्ही वेळा तशीच परत आली. त्या तिघांनाही बाबांनी खुर्चीत बसवून, पाणी देऊन, तासतासभर शांतपणे प्रश्न विचारले होते. न तपासता माणसाला खोटं म्हणायचं नाही आणि खरंही म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि आज या चौथ्याला त्यांनी बूडही टेकू दिलं नाही?

"बाबा, तपासून तर बघू."

"तपासायचं काय त्यात! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

लिफ्टवाला कपाळाला आठ्या घालून भिंतीवरची पाटी वाचायचा प्रयत्न करत होता. धाकटीनं ते पाहिलं आणि तिला निमित्त सापडलं.

"तुमचा नंबर वाढलाय," ती म्हणाली. "आत चला. डोळे तपासते, मग निरोपाचं बघू."

आतली खोली म्हणजे त्या दुकानाचा जीव. लांबट, अंधारी, एका टोकाला पेशंटची खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला दिव्याखाली तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांसाठीचा हा तक्ता, त्यामुळे त्यावर नुसत्या फण्या होत्या. तीन दातांच्या, वरच्या ओळीत मोठ्या, खाली येता येता बारीक. फणीचे दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढंच सांगायचं. पेशंट सांगेल तसे बाण कार्डावर काढायचे. रोज संध्याकाळी बाबा त्या दिवसाच्या सगळ्या कार्डांवर सही करत.

हे तक्ते छापील मिळत, आणि सगळीकडे एकसारखे. बाबांनी मात्र दुकान काढलं तेव्हा तो एका पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घेतला होता. पेंटर कलाकार माणूस, त्याला एकसारख्या फण्या काढायचा कंटाळा आला असावा. सातव्या ओळीतली तिसरी फणी खाली दातांची हवी, ती त्यानं वर दातांची काढली. चूक लक्षात आली तेव्हा तो ब्रश घेऊन धावत आला, पण बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. त्यांच्या मनात वेगळंच आलं होतं. गावभरचे ड्रायव्हर, पहारेकरी, ज्यांची नोकरी नजरेवर, ते छापील तक्ता घोकून येत आणि पोपटासारखे म्हणून दाखवत. आता जो खरोखर बघेल तो तिथे 'वर' म्हणणार, आणि जो पाठ करून आलाय तो 'खाली' म्हणणार. बरोबर उत्तर देईल तो पकडला जाईल! "ही चूक म्हणजे माझा सगळ्यात हुशार नोकर," असं बाबा म्हणत. घरातल्या चौघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

धाकटीनं लिफ्टवाल्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि भिंगं बदलायला सुरुवात केली.

"हे बरं, की हे?"

"हे."

"आणि आता? हे बरं की हे?"

तिनं तेच भिंग काढून तेच परत बसवलं होतं. ही बाबांचीच शिकवण. पेशंट तुम्हाला खूश करायला बघत असेल तर त्याला तिथेही फरक दिसतो. दुसरं जरा स्वच्छ आहे, म्हणतो. लबाड नसतो बिचारा, पण डोळ्यांनी बघायचं सोडून तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

लिफ्टवाल्यानं डोळे बारीक करून पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मग ओशाळून म्हणाला, "ताई, मला काही फरक वाटत नाही. की माझंच चुकतंय? तेच तर नाही ना लावलंत परत?"

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. सातवी ओळही त्यानं नीट वाचली. तिसऱ्या फणीला 'वर' म्हणाला. पण डोळ्यांपुरता खरा असलेला माणूस निरोपापुरता खरा असेलच, असं थोडंच आहे? तिनं भिंगांची पेटी मिटली आणि त्याच आवाजात विचारलं, "दादा अजून डाव्या पायानं लंगडतो का हो?"

दादा उभ्या आयुष्यात कधी लंगडला नव्हता. हाच प्रश्न तिनं मागच्या वेळी टाकला होता, तर तिसरा पाहुणा म्हणाला होता, "आता बरंच कमी आहे." आई तरीही निघालीच होती.

"लंगडतो?" लिफ्टवाला गोंधळला. "नाही बुवा. आम्ही वीस-वीस मजले पायी चढतो, लिफ्ट सुरू होईपर्यंत. मला कधी दिसलं नाही. थंडीत दुखत असेल तर ठाऊक नाही."

तेवढ्यात दारात आई उभी राहिली. दुकानामागेच घर, त्यामुळे बातमी पोचायला वेळ लागत नसे. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. या खेपेला तिनं पिशवी भरली नव्हती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"बरा आहे. घोरतो फार. चिकट आहे जरा, खिळासुद्धा वाकडा झाला तर सरळ करून वापरतो. कामात मात्र पक्का. लिफ्टचा दोर तीनदा तपासल्याशिवाय कुणाला आत पाय ठेवू देत नाही. आम्ही त्याला 'तीनदा'च म्हणतो."

"लग्न?"

"नाही केलं."

आईनं ग्लास त्याच्या हातात दिला, पण तो सोडला नाही. "माझी आठवण काढतो?"

लिफ्टवाला खाली बघू लागला. त्याला काय उत्तर द्यावं ते कळत होतं. कुणालाही कळलं असतं. ती बाई दारात ज्या तऱ्हेनं उभी होती, त्यावरून दगडालाही कळलं असतं.

"नाही हो," तो म्हणाला. "निदान माझ्यासमोर तरी नाही. घरचा विषय निघाला की उठून जातो. ही 'धाकटी' आणि दुकान, एवढंही मला त्यानं निरोप दिला तेव्हा पहिल्यांदा कळलं."

आईचा चेहरा पडला. धाकटीला त्या माणसाचा असा काही राग आला, की कुठली तपासणी आणि कुठलं काय! जरा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं?

पण आईनं ग्लास सोडला. पदरानं डोळे पुसून ती धाकटीकडे वळली आणि म्हणाली, "हा खरं बोलतोय गं."

"कशावरून?"

"मागच्या तिघांनी मला हवं तेच आणलं होतं. असलं नकोसं कोण कशाला घेऊन येईल एवढ्या लांबून?" मग ती पाहुण्याला म्हणाली, "निरोप काय आहे, बाळा?"

"निरोप असा नाहीच. प्रश्न आहे एक. त्याचं उत्तर न्यायचंय. तो म्हणाला, बाबांना विचार, कार्ड बघितलं का? एवढंच. हो म्हणाले तर मला तिथूनच फोन कर, नाही म्हणाले तर तसाच परत ये. कसलं कार्ड ते मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाला, त्यांना कळेल."

बाहेरच्या खोलीत भिंग खाली पडल्याचा आवाज आला. चाळीस वर्षांत बाबांच्या हातून भिंग पडलं नव्हतं.

आई आणि धाकटीला कळेना. अकरा वर्षांपूर्वीचं त्यांना ठाऊक होतं ते एवढंच. बस कंपनीच्या ड्रायव्हरांची दरवर्षीची तपासणी याच दुकानात होई. दादानं तपासलेल्या एका ड्रायव्हरनं महिन्याभरात बस पुलाच्या कठड्यावर घातली. जीव कुणाचा गेला नाही, पण बाराजणांची हाडं मोडली. ड्रायव्हर सांगत राहिला की ब्रेक लागला नाही. लोक म्हणू लागले, आंधळा होता, तक्ता पाठ करून पास झाला. त्या संध्याकाळी बाबा आणि दादा याच खोलीत दार लावून भांडले. बाहेर नुसते आवाज येत होते. सकाळी दादाचं अंथरूण रिकामं होतं, आणि दुपारी बाबांनी चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं की मुलगा बेफिकीर निघाला, त्याला दुकानातून काढून टाकलंय. दुकानाचं नाव राहिलं. मुलगा राहिला नाही.

धाकटी भिंतीतल्या कपाटाशी गेली. जुनी कार्डं तिथे वर्षांप्रमाणे खोक्यांत लावलेली होती. बाबांची शिस्त अशी, की एकही कार्ड कधी जागचं हलायचं नाही. तिनं त्या वर्षाचं खोकं काढलं, बस कंपनीचा गठ्ठा सोडवला आणि अनुक्रमांकावरून बोट फिरवत गेली. एकशे अकरा, एकशे बारा, एकशे चौदा.

ती बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून उभी राहिली. बाबांनी या माणसाला न तपासता भामटा का ठरवलं, ते आता तिच्या लक्षात येऊ लागलं. चोराच्या मनात चांदणं. पण बाबांच्या बाबतीत ही म्हण मनात येणंसुद्धा तिला सहन होईना. याच माणसानं तिला खरं-खोटं ओळखायला शिकवलं होतं.

"एकशे तेरा इथे नाही," बाबा दारातून म्हणाले. चौकटीला धरत, पाय चाचपत ते आत आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. खिशातून त्यांनी आपल्या चष्म्याची जुनी डबी काढली, तिच्या तळाचं मखमली अस्तर नखानं उचकटलं आणि घडी घातलेलं पिवळं कार्ड धाकटीपुढे धरलं.

तिनं ते दिव्याखाली नेलं. दादाच्या हातचे बाण. सातवी ओळ, तिसरा बाण वर. खाली तपासणीच्याच दिवसाची तारीख आणि बाबांची स्वतःची सही.

"पाठ करून आला असता तर 'खाली' म्हणाला असता," धाकटी पुटपुटली. "त्याला दिसत होतं. दादानं बरोबर तपासलं होतं."

"तो तेच सांगत होता," बाबा म्हणाले. "कार्ड बघा, कार्ड बघा. मी म्हटलं, तू डुलक्या काढत होतास, मला कार्ड बघायची गरज नाही. सगळं गाव म्हणतंय ते खोटं असेल?" ते थांबले. "उभ्या जन्मात एवढं एक न तपासता बोललो."

"आणि बघितलंत कधी?" आईचा आवाज इतका हळू होता की तो नीट ऐकू यावा म्हणून लिफ्टवालाही पुढे झुकला.

"तो गेल्यावर. चौथ्या दिवशी."

"अकरा वर्षं!" आई म्हणाली. "तीनदा मी पिशवी घेऊन गेले. तीनदा! तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलात. आणि हे तुमच्या खिशात होतं?"

"साहेबांना लेखी देऊन बसलो होतो. मागे घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलासाठी फिरला. मग पहिलं वर्ष गेलं. मग दुसरं. मग ते कसं काढायचं तेच कळेना."

 आई जाऊन तक्त्याजवळ, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. धाकटीला दोघांचंही वाईट वाटलं आणि दोघांतल्या एकाचा फार राग आला. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. बाबा चौकटीला धरून का आले? पडलेलं भिंग उचलायला वाकले का नाहीत? दर सहा महिन्यांनी ती त्यांचे डोळे तपासायची, आणि दर वेळी ते तक्ता शेवटपर्यंत खडाखडा म्हणून दाखवायचे. बॅटरीचा उजेड डोळ्यांत घालू द्यायचे नाहीत, दुसरा तक्ता दुकानात आणू द्यायचे नाहीत.

"बाबा, आई कुठे उभी आहे?"

बाबांनी मान त्या बाजूला वळवली आणि ती तशीच राहू दिली.

"सातव्या ओळीतली तिसरी फणी सांगा."

"ती मला चूक धरून पाठ आहे गं," ते म्हणाले. "तू मला कशी पकडणार?" आणि मग खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, "तक्ता दिसत नाही. दोन वर्षं झाली. तुझी आईसुद्धा नुसती सावलीसारखी दिसते."

 लिफ्टवाल्याच्या नाकावर अजून ती जड फ्रेम होती. त्यानं ती हळूच काढून ठेवली.

"मग मी 'हो' सांगू ना?" त्यानं विचारलं. "बाबांनी कार्ड बघितलं, असं?"

"बघितलं, आणि चौथ्याच दिवशी बघितलं, असं सांग," बाबा म्हणाले. "आणि गप्प बसले, हेही."

"ते कशाला?" लिफ्टवाला कळवळून म्हणाला. तासाभरात त्यालाही या घराचा लळा लागला असावा. "नुसतं 'बघितलं' म्हटलं तर तो आनंदानं येईल. हे ऐकून भडकेल."

"नुसतं 'बघितलं' म्हटलंस तर तो विचारेल, कधी? तू आज म्हणशील, तर त्याला वाटेल तू मला पढवलंस. तो दोर तीनदा तपासतो म्हणालास ना? माझाच मुलगा आहे. माझ्या तोट्याचं सांग, म्हणजे त्याला खरं वाटेल."

आई वळली. तिनं डोळे पुसले नव्हते. "आणि माझ्याकडून सांग," ती म्हणाली, "की आईला आज कळलं. आजच. तिनं अजून यांना माफ केलेलं नाही."

लिफ्टवाल्यानं दोन्ही निरोप तीनदा म्हणून पाठ केले आणि तो गेला. त्याचा चष्मा तयार व्हायला चार दिवस लागणार होते. धाकटीनं त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. दोघे एकाच खोलीत राहत, म्हणजे तो दादाचाही पत्ता होता, म्हणून तिनं तो पुन्हा एकदा वाचून घेतला.

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. आई बाबांचं ताट वाढायची आणि न बोलता समोर ठेवायची. बाबांनी आता चाचपडणं लपवायचं सोडून दिलं होतं. मुसळासारखा धडधाकट दिसणारा माणूस तीन दिवसांत म्हातारा झाला.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. आईनं घेतला. तिनं फक्त "हं" म्हटलं, मग पुन्हा एकदा "हं", मग ती काउंटरला टेकून खाली बसली. खूप वेळ ऐकत राहिली. शेवटी तिनं रिसीव्हर बाबांच्या हातात दिला आणि त्यांच्या बोटांवर आपलं बोट क्षणभर ठेवलं. धाकटीनं कान जवळ नेला.

पलीकडे आधी नुसता श्वास होता. मग दादाचा आवाज, जाड झालेला, पण दादाचाच.

"चार दिवस मीही गप्प बसून बघितलं," तो म्हणाला. "जड जातं. तुम्ही अकरा वर्षं कशी काढलीत?"

बाबांनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबून धरला.

"सातवी ओळ, तिसरी फणी?" दादानं विचारलं.

"दिसत नाही रे," बाबा म्हणाले.

 धाकटीला वाटलं, फोन कट झाला.

"तो तक्ता उतरवून ठेवायला सांगा धाकटीला," दादा म्हणाला. "तुम्हाला तो पाठ आहे. मी नवा घेऊन येतो. मीच तपासणार तुम्हाला."

बाबांनी फोन ठेवला नाही. तो छातीशी धरूनच त्यांनी धाकटीला विचारलं, तक्त्यामागची भिंत फार कळकट झाली असेल का, आणि दादा यायच्या आत रंग वाळेल का.